मंदावलेला तारा

रविवार, ८ फेब्रुवारी. मी विलास भाऊजींचे कपडे वाटायला काढत होते, तेवढ्यात ग्रामपंचायतीतले आप्पा नावफलकाचा मजकूर घेऊन आले. निमोण्यातल्या नव्या वाचनालयाला माझ्या या दिराचं नाव द्यायचं ठरलंय. नावाखाली ओळ होती, ‘ताऱ्याचा वेग अचानक मंदावल्याचा शोध लावणारे शास्त्रज्ञ’. दहाव्याला घाटावर एका पुढाऱ्यानं माईकवरून हेच सांगितलं, तेव्हा आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पहिल्यांदा ताठ बसल्या होत्या.

भाऊजी पुण्यात झोपेतच गेले, त्याला महिना होत आला. मी कारेगावच्या कारखान्यात विजेच्या मोटारींच्या फिरण्याचा वेग तपासते, म्हणून ते मला कामाचं सांगायचे. मेलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा, शहराएवढा लहान पण सूर्याहून जड, प्रचंड चुंबकीय, काही सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी मारणारा. फिरणं हळूहळू मंदावत जातं. मध्येच कधी वेग एकदम वाढतो. एकदम कमी होणं मात्र फार दुर्मीळ.

“लोड तोच आन् आरपीएम उडाला, तर मी मशीन बंद करते,” मी म्हणाले.

“माझं बंद करून दाखवा, वैनी!”

दिवाळीत त्यांना असा एकदम मंदावलेला तारा सापडला. त्यांनी आत्यांना सांगितलं, आत्यांनी गावाला. संक्रांतीआधी घरी आले तेव्हा मला म्हणाले, “तारा नाही, वेळ मोजणारं आमचं घड्याळ सरकलं होतं. तपासताना मलाच दिसलं. कामातल्या सगळ्यांना कळवून टाकलं.” वाईट वाटलं का, मी विचारलं. “वाटलं... चहा टाका.” आईला पुढच्या खेपेला सांगतो म्हणाले. ती खेप झालीच नाही.

हे मी आप्पांना सांगितलं. ते हळूच म्हणाले, “आता कोन तपासतंय? म्हातारीला बरं वाटंल.”

आत्या दारातच होत्या. “म्हंजी तारा हळू झालाच न्हाई?”

“नाही, आत्या.”

“आन् विलासला ठावं हुतं?”

“त्यांनीच चूक शोधली. त्यांनीच मागं घेतलं.”

हातातल्या स्वेटरची घडी त्यांनी मोडली, पुन्हा घातली... मग म्हणाल्या, “लेकानं पुसलेलं आपन गिरवायचं व्हय, आप्पा?”

आप्पा कागद तिथंच ठेवून गेले.

सोमवारी सकाळी अर्ध्या दिवसाची रजा टाकून शिरूरला पेंटरकडे गेले. मजकूर त्याला आधीच मिळाला होता; नाव रंगवून झालं होतं, खालची ओळ खडूनं आखलेली होती.

“ताई, जागा मोकळी दिसंल,” तो म्हणाला.

“दिसू दे.”

त्याच्याकडून ओलं फडकं घेतलं आणि ओळ पुसली.