बाबांची शिडी रानशेतला नेताना

२०१६ साली बाबा आमच्या बोर्डीच्या वाडीत चिकू उतरवताना पडले आणि शुद्धीवर न येता आठवड्याने गेले. महिन्याभराने आई म्हणाली, "ती शिडी दारात नको. पण जाळू नका, चांगली आहे." वीस वर्षं आमच्याकडे चिकू उतरवायला येणारे काका रानशेतला राहायचे. त्यांना ती द्यायचं ठरलं.

भावाची गाडी लहान, शिडी अठरा फुटी. लांब सामान टपावर न्यायचे बाबांचे नियम आम्हाला लहानपणापासून पाठ होते. मधे दोन ठिकाणी आवळायचं, पुढून आणि मागून बंपरला वेगळी दोरी, शेवटाला लाल फडकं, आणि थोडं पुढे गेल्यावर थांबून गाठी परत बघायच्या. त्या सकाळी आम्ही फक्त मधे बांधलं. दोरी संपली. दुसरी आणायला कोणीच उठलं नाही. मी खिडकीतून हात काढून शिडी धरून बसले.

डहाणूत शिरताना पोलिसाने थांबवलं.

"मॅडम, हात आधी आत घ्या. ब्रेक लागला तर शिडी तुमच्या हाताने थांबणार आहे का? आणि मागे लाल कपडा कुठाय?"

"विसरलो," भाऊ म्हणाला.

"कोणी शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे पाहिलं. समोरच्या टायरवाल्याकडून दोरी मागून आणली आणि बांधून होईपर्यंत उभा राहिला. लाल फडकं गाडीतच होतं, काच पुसायचं.

रानशेतला काकांनी शिडी उतरवून घेतली, एकेक पायरी दाबून पाहिली.

"हिचा दोष नाही," ते म्हणाले. "शेठ शिडीवर नव्हतेच, फांदीवर गेले होते. मी खालीच होतो. फांदी मोडली."

"आईला सांगितलंत?" भावाने विचारलं.

"त्यांनी विचारलं नाही."

मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. काकांच्या बायकोने चहा दिला, तो गोड होता की नाही तेही कळलं नाही.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"मग शिडी ठेवली असती," ती म्हणाली, आणि निवडत राहिली.