मावशींनी न मोडलेली ठेव

बारामतीतली आमची छोटी सहकारी बँक एका मोठ्या बँकेत विलीन झाली, तेव्हा मी तिथे कॅशियर होते. पाटी बदलली, खिडकीला जाड काच लागली, आणि नवे साहेब म्हणाले, "आता आपली बँक कशानंही हलणार नाही." ते खरंच होतं. मोठ्या बँकेचं एखादं कर्ज बुडालं तर तिला ओरखडाही उमटत नाही. विलीन होण्याआधी आमचं एकच मोठं कर्ज थकलं आणि सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

त्या वेळची एक सकाळ मला अजून छळते. बँक बुडणार अशी आवई उठली आणि शटर वर जायच्या आत रांग रस्त्यापर्यंत गेली. सर्वांत पुढे जवळच्या कन्हेरी गावच्या भाजीवाल्या मावशी. वांगी-गवार विकून जमवलेली ठेव मोडायला आलेल्या.

"म्याडम, ठिवू का काढू?"

"ठेवा. माझेही पैसे इथेच आहेत," मी छातीठोकपणे सांगितलं. साफ खोटं! आम्हा कर्मचाऱ्यांना कुणकुण आधीच लागली होती. आदल्याच दिवशी आमची ठेव मोडून मी नवऱ्याच्या हाती दिली होती.

मावशींनी पावती कनवटीला खोचली आणि वळल्या. त्यांच्यामागून चार जण गेले, मग दहा. दुपारपर्यंत रांग विरली. पुढे मोठ्या बँकेनं आम्हाला घेतलं, सगळ्यांचे पैसे वाचले. मला शाबासकी मिळाली, आणि मी ती निर्लज्जपणे घेतली.

गेल्या महिन्यात मावशी तीच ठेव मोडायला आल्या. शेतात ठिबक बसवायचं होतं. मला राहवलं नाही, काचेच्या फटीतून सगळं सांगून टाकलं.

"ठावं हाय मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचं मालक पिशवी घिऊन निघालं, तवा मी बँकेबाहीरच भाजी घिऊन बसले व्हते."

"मग तुम्ही का नाही काढले?"

"रांगंत पयली मीच. म्या काढलं असतं तर मागचं कुणी थांबलं असतं व्हय? अन् रिकामी बँक कुणी घेतली असती?"

इतकी वर्षं मी समजत होते, बँक माझ्या खोट्यानं तगली.

"आता काय, हितं म्या काढलं काय अन् ठिवलं काय," मावशी हसल्या.

पैसे पिशवीत घालून त्या पायऱ्या उतरल्या. मागे चांगली लांब रांग होती. एकानंही मोबाइलमधून मान वर केली नाही.