सुलक्षणाबाईंची झील

सुलक्षणा साळवेंना गाताना पाहिलेली माणसं ब्रिटनभर पुष्कळ सापडतील, पण त्यांचा आवाज ऐकला असं सांगणारा एकही भेटायचा नाही. यात बाईंचा काही दोष नव्हता. त्यांची जागाच तशी होती. पुढे नवरा, बाजूला तबल्यावर मुलगी, आणि मागे झांजा घेऊन उभ्या सुलक्षणाबाई.

कीर्तन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे देऊळ उभं राहणार. राहू द्या. पण नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्येही पेटी-तबल्यावर कीर्तन चालतं आणि कीर्तनकार येशूच्या गोष्टी रंगवून सांगतो, हे ठाऊक नसेल तर आता करून घ्या. शशिधर साळव्यांचे वडील असे गावोगाव फिरायचे. त्यांची पेटी आणि त्यांनी रचलेली पदं घेऊन शशिधरराव बायकोच्या मागोमाग इंग्लंडात आले. बायको नर्स. मिल्टन कीन्सला तिची नोकरी आधी लागली, यांना एका गोदामात स्टॉक-क्लार्कचं काम नंतर मिळालं. चौऱ्याऐंशी साली चर्चच्या हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे सुगीच्या सणाला, सहज म्हणून दोन पदं म्हटली, आणि झालं! आज लेस्टर, उद्या ब्रॅडफर्ड, परवा आणखी कुठलंतरी गाव. लंडनमधल्या एजवेअरच्या आपल्या हिंदू मंडळींनीसुद्धा एकदा हौसेनं बोलावलं होतं. तिथल्या अलकाताई म्हणाल्या, “अय्या, अगदी आमच्यासारखंच गाता हो तुम्ही!” शशिधरराव म्हणाले, “नाही हो, तुम्हीच आमच्यासारखं गाता.” मग दोघंही हसली आणि मसालेभात वाढला गेला.

प्रवासाला एक जुनी पांढरी ट्रान्झिट व्हॅन होती. तिला घरात ‘गाडा’ म्हणत. गाडा चालवायच्या सुलक्षणाबाई. कारण शशिधरराव ड्रायव्हिंग टेस्टमध्ये चार वेळा नापास. मिल्टन कीन्समध्ये पावलापावलाला राउंडअबाउट, आणि हे गुणगुणत गुणगुणत त्याच राउंडअबाउटला दोनदोन फेऱ्या मारायचे. चौथ्या वेळी परीक्षकानंच हात जोडले म्हणे. तेव्हा आठवडाभर वॉर्डात लहान पोरं सांभाळायची, शुक्रवारी दशम्या करायच्या, वेम्बलीहून आणलेल्या दाण्यांची चटणी कुटायची, आणि शनिवारी पहाटे गाडा काढायचा, हा बाईंचा नऊ वर्षांचा क्रम. मागच्या सीटवर लेक शिल्पा तबल्याला मिठी मारून झोपलेली. आठ वर्षांची असल्यापासून ती वाजवायची.

आणि झील. ती काय असते ते सांगायलाच हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे. पुढचा गाणारा ओळ म्हणत जातो. शेवटाला त्याचा श्वास संपत आला की मागच्यानं तोच सूर, तेच शब्द अलगद उचलून धरायचे. पुढचा तेवढ्यात दम घेतो. ऐकणाऱ्याला गाणं सलग वाटतं, शिवण दिसत नाही. हीच झील. सुलक्षणाबाई ती अशी धरायच्या की आवाज कुणाचा संपला आणि कुणाचा सुरू झाला हे देवालासुद्धा शोधावं लागलं असतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, लीड्सहून परत येताना, मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये चहा घ्यायला थांबले. शशिधरराव टॉयलेटला गेले होते. शिल्पा तेव्हा सोळा वर्षांची. चिप्स खाता खाता म्हणाली, “आई, तू चीट करते.”

“काय गं, कसलं चीट?”

“झीलचा. लाइन आठ मात्रेची आहे ना? मी लहान होती तेव्हा तू सातला यायची. आता तू फोरला येते. हाफ लाइन तू गाते, आई. पपा नुसता तोंड उघडून उभा असते.” तिनं चिप खाली ठेवली. “नोबडी नोटिसेस. यू आर टू गुड.”

पोरगी मात्रा मोजत होती, तिची मोजणी चुकायची नाही. तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शशिधररावांना खोकला झाला होता. तेव्हा त्यांना सांभाळून घ्यायला म्हणून बाई एक मात्रा आधी यायला लागल्या. मग दोन. पुढे गळ्याला सवयच लागली. आणि काय सांगायचं, एकोणीस वर्षं वॉर्डात दुसऱ्यांच्या पोरांचा श्वास नुसत्या नजरेनं ओळखणारी ही बाई! घरचा माणूस जिना चढताना मध्येच थांबून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, त्याचे ओठ थंडीत निळसर दिसतात, हे तिला दिसत होतं. दिसत होतं म्हणून तर ती मागे लागली होती, “अहो, एकदा डॉक्टरांना दाखवून या ना.”

त्यावर शशिधररावांचं उत्तर ठरलेलं. “कशाला? परवा दोन तास गायलो की नाही? दम नसलेला माणूस दोन तास गातो का, सांग बरं.”

त्या दिवशी घरी परतल्यावर बाईंनी पुन्हा विषय काढला, त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि या वेळी बाईंना ते लख्ख उमगलं. नवऱ्याला स्वतःची तब्येत मोजायला एकच माप होतं, आणि त्या मापात खोट घालत होती ती त्यांची बायको. माणूस आतून पोखरला जात होता आणि आपण मागे उभ्या राहून त्याला धडधाकट ठरवत होतो! त्या रात्रपाळीला गेल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटा सिकनेस कळवला.

सकाळी त्या शिल्पाला म्हणाल्या, “वेल्सच्या कार्यक्रमात मी चारला येणार नाही. सातलाच येईन.”

“आई! दॅट्स क्रुएल. सगळ्यांसमोर?”

“माझं तोंडी सांगणं ऐकतायत का ते? गाण्याचंच ऐकतात. मग गाण्यालाच सांगू दे.”

वेल्समधलं ते खाणीचं गाव त्यांना माहेरासारखं. खाण बंद पडली होती, चॅपल, म्हणजे तिथलं लहानसं चर्च, मात्र चालू होतं. अठ्ठ्याऐंशीपासून दर ऑक्टोबरात त्यांना तिथे बोलावणं असे. पहिल्या वर्षी या तिघांनी सवयीनं चपला काढल्या, तर ते पाहून पहिल्या बाकावरचे म्हातारे मिस्टर प्रिचर्ड वाकले आणि त्यांनी आपले बूट काढले. बघता बघता सगळं चॅपल मोज्यांवर! तेव्हापासून साळवे आले की बूट दाराबाहेर, हा तिथला रिवाजच झाला. मिस्टर प्रिचर्डनी चाळीस वर्षं खाणीत काढली होती आणि कोळशाच्या धुळीनं त्यांची छाती गेली होती. दोन वाक्यं बोलले की थांबायचे. तरी दर वर्षी शशिधररावांच्या वडिलांचं एक पद ते आवर्जून मागत: ‘दिवा लाविला दारी, ये रे येशू घरी.’ येशूचं नाव आमच्या वेल्शमध्येही जवळपास असंच आहे, म्हणायचे.

रविवारी दुपारी चॅपल भरलं. पेटी उघडली. सुलक्षणाबाई मागे उभ्या राहिल्या. बाळंतपणातसुद्धा इतकं घाबरल्या नसतील. पहिली दोन पदं त्यांनी नेहमीसारखी सांभाळली. धीरच झाला नाही. शिल्पानं एकदा वळून पाहिलं. मग ते पद आलं.

“दिवा लाविला दारी,” शशिधररावांनी सूर लावला, “ये रे...”

आणि श्वास संपला. चौथी मात्रा गेली. बाईंनी ओठ घट्ट मिटले. पाचवी गेली. तबला चालू, झांजा चालू, आणि गाण्याच्या जागी नुसतं भगदाड. शशिधररावांचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, पण आवाज म्हणून नव्हता. त्यांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. नऊ वर्षांत त्यांना कधी मागे वळून पाहावं लागलं नव्हतं. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला होता. बाईंच्या काळजाचं पाणी झालं. जाऊ दे मेलं ते सगळं, म्हणून त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

पण त्यांच्या आधी दुसऱ्याच कुणाचातरी आवाज आला. घोगरा, तुटका, पण सुरात पक्का. “ये रे येशू घरी...”

मिस्टर प्रिचर्ड बाकाला धरून उभे राहिले होते. दम संपणं म्हणजे काय हे त्या चॅपलमध्ये त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांचाही श्वास अर्ध्यात तुटला, तेव्हा मागच्या बाकांनी तो उचलला. पाच वर्षं ऐकून त्यांना ती ओळ पाठच झाली होती. बायका वर, पुरुष खाली, वेल्श माणसं गातात तशी वेगवेगळ्या सुरांत सगळं चॅपल गाऊ लागलं. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात रचलेली ओळ! सुलक्षणाबाईंना रडू आवरेना. झांजा वाजवायच्याही त्या विसरल्या.

कार्यक्रमानंतर मिस्टर प्रिचर्ड मोज्यांवरच चालत शशिधररावांपाशी आले, शेजारी बसले आणि त्यांनी विचारलं, “केव्हापासून कमी पडतोय श्वास?” शशिधरराव नेहमीचं उत्तर द्यायला गेले. मग ते उत्तर आता उरलं नाही हे त्यांच्याच लक्षात आलं असावं. ते म्हणाले, “माहीत नाही.”

परतीच्या वाटेवर गाड्यानं सेव्हर्नचा पूल ओलांडला.

“सुलू,” ते म्हणाले, “कधीपासून धरत होतीस मला?”

“तीन वर्षं झाली.”

“आणि मला वाटत होतं आवाज पिकलाय माझा.” ते हसले, मग खोकले. “आज का सोडलंस?”

बाईंची नजर रस्त्यावर. “मला तुम्ही हवे आहात हो,” त्या म्हणाल्या, आणि इतकी वर्षं मागे उभ्या राहून जे बोलता आलं नव्हतं ते स्टिअरिंग धरून बोलून गेल्या. “गाणं गेलं तर जाऊ दे खड्ड्यात. बाबांची पेटी मी माळ्यावर ठेवीन. पण तुम्ही नसलात तर मी हा गाडा कुणासाठी चालवू?”

मागच्या सीटवर शिल्पानं झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी शशिधरराव स्वतःहून डॉक्टरकडे गेले. लहानपणी गावी असताना सांध्यांचा ताप आला होता, त्यानं हृदयाची एक झडप तेव्हाच आखडली होती. आणखी एक हिवाळा असाच काढला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले. फेब्रुवारीत ऑपरेशन झालं. नवी झडप घड्याळासारखी टिकटिक वाजायची. शिल्पा कान लावून म्हणाली, “पपा, युवर ताल इज व्हेरी गुड.” श्वास बराचसा परत आला. पण उभं राहून तासभर कीर्तन करायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं.

पुढच्या ऑक्टोबरात वेल्सचं पत्र आलं तेव्हा शशिधरराव म्हणाले, “सुलू, पुढे तू उभी राहा.”

“इश्श, मी? मला कोण ऐकतंय?”

“मी ऐकेन की. आजवर ऐकायला मिळालंच नाही, तू नेहमी माझ्याच आवाजात लपलेली.”

चॅपलच्या दाराबाहेर बुटांची रांग लागली. मिस्टर प्रिचर्ड आता चाकाच्या खुर्चीत होते, पण पहिल्या रांगेत. सुलक्षणाबाई पुढे उभ्या राहिल्या. हातांचं काय करावं हेच त्यांना कळेना, कारण झांजा मागे खुर्चीत बसलेल्या नवऱ्याकडे होत्या. शिल्पानं ठेका धरला. बाईंनी डोळे मिटले आणि सूर लावला, “दिवा लाविला दारी...” आवाज ऐकून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. चांगला भरदार होता की! श्वास भरपूर होता, अख्खी ओळ सहज गेली असती.

पण अर्ध्यातच मागून शशिधररावांनी ती अलगद उचलून धरली. शिवण कळली नाही. बाईंनी हळूच मुलीकडे पाहिलं. शिल्पा तबल्यावरून नजर न काढता हसत होती, आणि तिचे ओठ हलले, “फोर.”