गालाची पारख

घासूमामा गाडीच्या बंपरला गाल लावत. डोळे मिटून, नुकतीच दाढी केलेला गाल प्लॅस्टिकवरून सावकाश फिरवत. सावेडीतल्या आमच्या कॉलनीत नव्याने आलेल्यांना वाटे, हा गृहस्थ गाडीशी गुजगोष्टी करतोय. खरं कारण आधी फक्त मला माहीत होतं.

मामा मूळचे तिसगावचे. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या रंगखात्यात त्यांनी सगळी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर अंगणात गाड्यांचं प्लॅस्टिक रंगवायला घेतलं. बंपर, आरशांची कव्हरं, चाकांवरच्या पट्ट्या. पत्र्याला ते हात लावत नसत. "पत्रा कुनीबी रंगवतं, सर. प्लॅस्टिक रंग धरत न्हाई, त्याला राजी करावं लागतं." ते राजी होई ते साबणाने दोनदा धुऊन, ओल्या पॉलिश पेपरने घासून, पुन्हा धुऊन, पुन्हा घासून. मग प्रायमर. रंगाला दहा मिनिटं आणि त्याआधी दोन दिवस घासणं, म्हणून कॉलनीने 'घासूमामा' हे नाव ठेवलं. मी रंगकाम बघायला जाई आणि घासणं बघून परत येई. सभा-समारंभांत मला नेमका उलटा अनुभव आहे: तिथे नुसता रंग, घासणं शून्य.

कपड्यांच्या दोरीवर बंपर वाळत असत. "माज्या साड्यांना खुंटी आन् ह्यांच्या लेकरांना दोरी," असं मामी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

मामांची सगळी पारख बोटांत होती. बोट फिरवून "हितं तेल हाय" म्हणाले, की तिथे तेल असायचंच.

एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीचा पुढचा बंपर आला. दुसऱ्या दिवशी साहेबांचा सत्कार आणि मिरवणूक. मामांनी धुऊन, घासून, प्रायमर मारून बंपर दोरीला टांगला. मामा जेवायला आत गेले तेवढ्यात ड्रायव्हरने चमक यावी म्हणून त्याच्यावर डॅशबोर्डचं तेलकट पॉलिश फासून ठेवलं. मामांनी बाहेर येऊन बोट फिरवलं, मान डोलावली आणि काळा रंग मारला. बघता बघता रंगात बारीक बारीक खड्डे पडले.

"मामा, ह्याला देवी आल्या का काय?" ड्रायव्हर म्हणाला. मग फोनवर बोलून आला. "साहेब म्हणत्यात, असू द्या. वरून हार घालू."

"आन् हार सुकल्यावर?" मामांनी विचारलं. बंपर त्यांनी दिला नाही. दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी बंपरशिवाय मिरवली. साहेबांच्या कारभारात एवढा पारदर्शकपणा नगरने प्रथमच पाहिला.

ड्रायव्हर गेल्यावर मामा पायरीवर बसले. बंपरच्या न रंगवलेल्या टोकाकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, हितं हात लावा. चिकट लागतंय?"

लागत होतं.

"मला न्हाई लागत. शुगरनं बोटं बधिर झाली, वरीस झालं. हिला सांगू नका, काम बंद करील. काम गेलं तर दिवसभर मी काय करू? पेपर वाचू?"

मी रोज दोन पेपर वाचतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी कुंपणावरून हाक मारली. अर्ध्या तोंडाला साबण होता. "सर, गाल शाबूत हाय! दाढी करताना एक खुंट लागला. म्हनलं, खुंट लागतोय तर तेल का न्हाई लागनार?" असा तो गाल कामाला लागला. मामींना सगळं कळलं ते पहिल्याच आठवड्यात, गाल पुसून काळ्या पडलेल्या टॉवेलवरून. पण त्यांनी काम बंद केलं नाही. दाढीसाठी पाणी मात्र न मागता गरम करून ठेवू लागल्या.

यंदा उन्हाळ्यात मामा गेले. महिन्याने मी मामींकडे गेलो, तेव्हा माझ्या गाडीच्या आरशाचं कव्हर दोरीवर तसंच होतं.

"घासून ठिवलंय," मामी म्हणाल्या. "पन त्यांनी गाल लावला न्हवता अजून."

मी आजूबाजूला बघितलं आणि गाल लावला. कडेला किंचित खरखर लागली.

"अजून झालेलं नाही, मामी."

"मग घासा की," म्हणत मामींनी पाण्याची बादली माझ्यापुढे आणून ठेवली.