गाडी जमा केली नाही

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मी शिरूरला फिरत्या दवाखान्यात नर्स होते. फिरता दवाखाना म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक जुनी व्हॅन, औषधांच्या दोन पेट्या, मी आणि ड्रायव्हर. ड्रायव्हर पन्नाशी ओलांडलेले, शिरूरच्याच जुन्या मुसलमान घरातले. मी त्यांना चाचा म्हणायची, ते मला बाई. सोमवारी निमोणे आणि गुरुवारी कवठे येमाई, असा आमचा फेरा.

त्या उन्हाळ्यात गाडीला थरथर सुटली. रस्त्यावर धावताना ठीक असायची. पण थांबली की थंडी वाजून आल्यासारखी अख्खी हलायची, पेट्यांतल्या बाटल्या वाजायच्या आणि बघता बघता इंजिन बंद पडायचं. मग चाचा उतरून हँडल मारत. त्यांनी प्लग बदलले, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला. काही फरक पडेना.

शेवटी जिल्ह्याचे आरोग्य अधिकारी, आमचे साहेब, आले. गाडी चालू करायला लावली, लांबूनच ऐकलं आणि म्हणाले, "इंजिन संपलंय. सोमवारी दौंडच्या सरकारी गोदामात नेऊन जमा करा. फेरा बंद."

"निमोण्यात तिघीजणींचे दिवस भरत आलेत, साहेब. त्यांना कोण तपासणार?"

"शिरूरला यायला सांगा."

"नवव्या महिन्यात, बैलगाडीतून?"

"तुम्ही नर्स आहात, बाई. गाडीचं आम्ही बघू."

"पण तुम्ही बॉनेटसुद्धा उघडलं नाहीत," मी म्हणाले. चाचांनी मान खाली घातली. साहेबांनी हुकमावर सही केली आणि कागद माझ्यापुढे सरकवून ते निघून गेले.

सोमवारी आम्ही दौंडला निघालो. औषधांच्या पेट्या मी गाडीतच ठेवल्या होत्या. का ठेवल्या, ते चाचांनी विचारलं नाही. निमोण्याचा फाटा जवळ आला तशी माझी चिडचिड वाढत गेली. एका लिंबाखाली मी गाडी थांबवायला लावली. थांबल्याबरोबर थरथर सुरू.

दुखतं ते चालताना की बसल्यावर, हा प्रश्न मी रोज कुणाला ना कुणाला विचारायची. तोच चाचांना विचारला, "इंजिन संपलंय, तर मग धावताना का हलत नाही?"

चाचांनी इंजिनाकडे कान दिला. मग खाली उतरून त्यांनी बॉनेट उघडलं. मला म्हणाले, "बाई, तुम्ही गाडीत बसा. पायानं पेट्रोल देत ऱ्हावा, बंद पडू देऊ नका." त्यांनी हाताला फडकं गुंडाळून एकेका प्लगची वायर काढून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन आणखी लंगडं व्हायचं, वायर बसवली की पहिल्यासारखं.

"चारी बी प्लग काम करत्यात," ते म्हणाले. "इंजन संपल्यालं न्हाई. कुठनं तरी फुकटची हवा आत जाती. धावताना तेवढी हवा खपून जाती, हुभी ऱ्हायली की बाधती."

"मग शोधा की!"

त्यांनी सांध्यांवर पाणी ओतून बघितलं. कुठंच काही नाही. मीही उतरून वाकले. पेट्रोल द्यायला कुणी नव्हतं, त्यामुळे इंजिन आचके देत होतं. त्या धडधडीत मला बारीक फुसफूस ऐकू आली, इंजिनाच्या अगदी मागच्या बाजूनं. या गाडीचा काचेवरचा वायपर, इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर चालायचा. इंजिनापासून तिथवर एक रबरी नळी गेली होती. उन्हाळ्यात वायपर कोण लावतंय? नळीकडे कुणी बघितलंच नव्हतं. ती खालच्या बाजूनं उभी चिरली होती.

मी पेटीतून रक्तवाहिनी धरायचा चिमटा काढला आणि चिरेच्या अलीकडे, इंजिनाच्या बाजूला, नळी दाबून धरली.

इंजिन शांत झालं. बाटल्यांचा आवाज थांबला. चाचांनी थरथर थांबली का ते बॉनेटवर हात ठेवून बघितलं. "या अल्ला," ते हळूच म्हणाले, आणि मग मोठ्यानं हसले.

एनिमाच्या डब्याची रबरी नळी मी वीतभर कापली. चाचांनी ती चिरलेल्या नळीच्या जागी घट्ट बसवली, दोन्ही टोकांना तार आवळली.

"आता दौंड?" त्यांनी विचारलं.

"आज सोमवार आहे," मी म्हणाले. "निमोणे."

"साहेब माझी नोकरी खाईल, बाई."

"मी सांगितलं म्हणून गेलात, असं सांगा. लिहून देते."

"लिहून कशाला?" म्हणत त्यांनी गाडी फाट्याला वळवली.

त्या दिवशी तिघींनाही तपासलं. एकीचे पाय सुजले होते, तिला आणि तिच्या सासूला आम्ही त्याच गाडीतून शिरूरला आणलं. चार दिवसांनी तिला मुलगी झाली.

साहेबांचं पत्र आलं. हुकूम का मोडला आणि दवाखान्याची नळी कुणाच्या परवानगीनं कापली, असे दोन प्रश्न होते. मी उत्तर लिहिलं: गाडी दुरुस्त आहे, येऊन पाहावी. ते आले नाहीत. गाडी जमा करण्याचा हुकूम लेखी कधी रद्द झाला नाही, आणि आम्ही गाडी कधी जमाही केली नाही.

माझ्या नोकरीच्या पुस्तकात मात्र 'वरिष्ठांशी उद्धट वर्तन' असा शेरा पडला. पुढं यवतला बदली झाली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो शेरा वाचून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"हे काय आहे?"

"खरं आहे ते," मी म्हणाले, आणि वॉर्ड कुठं आहे ते विचारलं.