मोहाखालची शिस्त

आमच्या ख्रिस्ती मंडळीत पंधरा घरं. गाव मोहर्लीच्या अंगाला, जंगलाला चिकटून. जिप्सीत बसून लोक जो वाघ बघायला येतात, तोच आमच्या मोहाच्या झाडांखालीही फिरतो. त्यामुळे मोहफुलं वेचायला एकट्यानं जायचं नाही, असा मंडळीचा रिवाज. उजाडता उजाडता प्रार्थनाघरासमोर जमायचं, एकत्र निघायचं, जवळजवळची झाडं वाटून घ्यायची. वेचणारा माणूस वाकलेला असतो, त्याला मागचं दिसत नाही. म्हणून गीत चालू ठेवायचं. मी ओळ म्हणायचो, एकेका झाडाखालून ती उचलली जायची. एखादा आवाज आला नाही, तर सगळ्यांनी कामं टाकून तिकडे धावायचं. मंडळीचा वडील, म्हणजे पंचांतला थोरला, म्हणून आवाजांकडे कान ठेवणं माझं काम होतं.

त्या वर्षी एका बाईला प्रभुभोजनाची भाकर आम्ही तीन महिने बंद केली होती. माहेरी बाप वारला, तेव्हा भावांच्या सांगण्यावरून तिनं त्याच्या नावानं मोहाची दारू जमिनीवर सांडली होती. कुणीतरी येऊन सांगितलं. पाळक म्हणत होते, समज देऊन सोडून देऊ. शिस्तीचा हट्ट माझा होता.

पुढे मोहा पडू लागला. पहिल्याच सकाळी ती टोपली घेऊन आमच्यात येऊन उभी राहिली.

मी म्हटलं, "बाई, तुझे तीन महिने व्हायचे हायत अजून."

"प्रभुभोजन बंद हाय ना भाऊ? मोहा बी बंद हाय का?"

बाया हसल्या. ते हसणं मला लागलं.

"मंडळीसंगं नाई यायचं. तू तुझी वेच."

"बरं. मंग वाघाले तेवढं सांगून ठेवा, हे बाई शिस्तीवर हाय म्हून."

पुन्हा हसू झालं. असं काही पंचांनी ठरवलं नव्हतं. ते मी तिथं उभ्या उभ्या ठरवलं, आणि पंधरा घरांतून एकही माणूस आडवा आला नाही. पाळक त्या दिवशी गावात नव्हते.

ती आमच्या मागून अंतर ठेवून आली. नाल्यापलीकडचं झाड तिनं घेतलं. मी ओळ म्हटली की आमच्या लोकांचे आवाज यायचे, आणि सगळ्यांच्या शेवटी नाल्यापलीकडून तिचा. मुद्दाम मोठ्यानं म्हणत होती. मला राग येत होता, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटत होतं.

तिसऱ्या कडव्यात तिचा आवाज आला नाही.

मला तो न आल्याचं कळलं. रुसली असेल, टोपली भरून घरी गेली असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि चौथं कडवं सुरू केलं. तेही पूर्ण म्हटलं. मग एक म्हातारी कंबर सरळ करत म्हणाली, "ते पलीकडची काऊन चूप हाय?" तेव्हा कुठे आम्ही धावलो. टोपली उपडी पडली होती. तिला ओढत नेल्याची खूण झुडपात गेली होती. ती सापडली तेव्हा काही उरलं नव्हतं करण्यासारखं.

तिचा नवरा घुग्घुसला खाणीवर पाळीत होता. तो दुपारी आला. मातीच्या वेळी पाळकांनी कुणाला न विचारता ती मंडळीची सभासद म्हणूनच प्रार्थना केली. मी खाली मान घालून आमेन म्हटलं.

चार दिवसांनी तो माझ्या ओसरीवर येऊन बसला. पाणी दिलं, ते त्यानं नुसतं हातात धरलं.

"भाऊ, एक विचारू का? तिचा आवाज बंद झाला तवा तुमाले समजलं होतं का?"

"नाई रे," मी म्हटलं. "इतक्या आवाजात नाई समजलं."

त्यानं मान हलवली.

"मंग पटकनच झालं असन. तिनं हाक मारली अन् कोनी गेलं नाई, असं तं नाई झालं."

पाणी पिऊन तो गेला. जाताना माझ्या पाया पडला. मंडळीत तो माझ्याहून लहान, पडतो दरवेळी.

पुढच्या महिन्यात मी वडीलपण सोडलं. तब्येतीचं कारण दिलं, तेही खोटं. आता दर रविवारी तो माझ्या शेजारच्या चटईवर बसतो. प्रभुभोजनाआधी पाळक म्हणतात, कुणाच्या मनात भावाविषयी काही असेल तर आधी जाऊन मिटवा. सगळे डोळे मिटून थांबतात. तो हाताच्या अंतरावर असतो. ताट माझ्याकडे येतं आणि मी भाकर घेतो, कारण नाही घेतली तर तो विचारेल, काऊन भाऊ?