शेणाचा डोंगर

लग्नानंतरची माझी पहिली दिवाळी सासरीच गेली. भाऊ न्यायला आला होता, पण कापूस वेचणीचं कारण सांगून सासूबाईंनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. निजामाच्या राज्यातले ते दिवस, मोटारी कुठल्या? नेकनूरच्या पुढचं माझं माहेर आमच्या तलवाड्याकडच्या गावापासून फार लांब. तो बिचारा आला तसा परत गेला. मी रडले नाही, माझा संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी शेणाच्या गवळणी करायला सांगितल्या. दिवाळीत अंगणात त्या मांडायची आमच्याकडे रीतच. मी शेणाची पाटी घेऊन बसले आणि गवळणींऐवजी डोंगर करू लागले. माहेरच्या दारातून रोज दिसायचा तो. इकडे काळ्या रानात नजरेला अडवणारं काहीच नव्हतं, त्यानं मला नको नको व्हायचं.

आधी काड्यांची झाडं रोवली, देवळासाठी खडा ठेवला. तरी तो कुठलाही डोंगर वाटे, आमचा वाटेना. मग चिडून सगळं उपटलं आणि नुसता उतार तळव्यानं घासत राहिले. गवळणीला नाकडोळे लावले की झाली गवळण. डोंगराला ओळख त्याच्या उतारानं येते, ते त्या दिवशी माझ्या हाताला कळलं. शेजारणीनं विचारलं, अंगणात उकिरडा कशापायी घातला म्हणून. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सासूबाई आल्या. आता बोलणी बसणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. त्या वाकून डोंगराकडे बघू लागल्या.

"हिकडचा खांदा उंच पायजे," त्या म्हणाल्या.

"न्हाई आत्याबाई. मी रोज बगत होते, असाच हाय."

"मी बी रोजच बगत होते."

मी चमकले. सासूबाईंच्या माहेराचा विषय आमच्या घरात कुणी काढत नसे. प्लेगात तिथलं कुणी उरलं नाही, एवढंच कानावर होतं. ते गाव कुठलं, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

"म्हंजी डोंगराच्या मागं?" मी विचारलं.

"मागं तुमी. आमी म्होरं."

मला हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. वळसा घालून त्या पलीकडे गेल्या आणि लुगडं सावरून माझ्यासमोर उकिडव्या बसल्या. मधे डोंगर. त्यांनी मान कलती करून तो पाहिला, एका जागी अंगठ्यानं जरा दाबला.

"आता जुळला," त्या म्हणाल्या.

मला त्यांचा राग धरून ठेवायचा होता. तो धरवेना. आतून मामंजींनी हाक मारली तरी त्या हलल्या नाहीत.

मग हात न धुताच उठल्या आणि म्हणाल्या, "सकाळी गाडी जुंपाया सांगते. जाऊन ये. तुज्या बाजूला मानसं हायती अजून."